अति स्वच्छ पाणी

गेले तीन महिने हे सदर मी सुरतेहून लिहून पाठवत होते, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. ‘सुरतेत करमतं का हो?’ असं विचारणारे फोनही आले. करमलंही आणि नाहीही. पण एक गोष्ट मी तिथं असताना लिहिली नाही, कारण हात धजत नव्हता. आता बेळगावात, शहापूरच्या आपल्या घरी बसून लिहिते आहे. माझ्या हातून माझ्या नातवाचे तीन मासे मेले. तेही घाणीनं नव्हे, स्वच्छतेनं.

माझा मुलगा सुरतेत कापडाच्या रंगाई-छपाईच्या धंद्यात नोकरीला आहे. सून धारवाडची, तीही नोकरी करते. नातू आठ वर्षांचा. घरात बापाशी मराठी, आईशी कन्नड, जिन्यात गुजराती आणि शाळेत हिंदी-इंग्रजी. मला तो ‘आज्जी’ म्हणतो की ‘अज्जी’, हे तो कोणाच्या बाजूनं बोलतोय त्यावर ठरतं. फरक एका कान्याचा! सुरतेत मराठी माणूस कमी नाही बरं का. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत फिरलं तर आपण जळगाव-धुळ्याला आलो की काय असं वाटतं. तापीच्या काठानं भुसावळकडून येणाऱ्या रेल्वेनं पिढ्यान् पिढ्या खानदेशातली माणसं इथल्या मागांवर कामाला आली आणि इथलीच झाली. आमचं शहापूरही विणकरांचं, त्यामुळे मागाचा खडखडाट कानावर पडला की मला घरच्यासारखंच वाटतं.

शहर तर इतकं स्वच्छ की माझ्यासारख्या बाईनं दृष्टच काढावी. हेच ते सुरत, जिथं सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. तेव्हा आपल्याकडेसुद्धा लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, आठवत असेल. पुढं १९९५ मध्ये एस. आर. राव नावाचे आयुक्त आले आणि शहर अक्षरशः घासूनपुसून निघालं. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, गाळ घराघरात शिरला, तोही लोकांनी काढला. आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीनं सुरतेचा देशात पहिला क्रमांक आला. अशा गावात मी, चिंच-मीठ लावून तांब्याचे हंडे लखलखीत करणारी बाई, जाऊन पडले. मग काय विचारता!

खरं सांगायचं तर मुलाच्या घरात मला करायला काही नव्हतं. भांड्याला बाई, कपड्याला मशीन, स्वयंपाक सून ऑफिसला जाण्याआधी उरकायची. ‘अत्ती, नीव कूतगोळ्री,’ म्हणजे ‘तुम्ही बसा,’ असं ती मायेनं म्हणायची. पण बसून बसून किती बसणार? रिकाम्या हातांना काम हवं असतं. मी आधी मसाल्याचे डबे काढले, मग माळा, मग खिडक्यांच्या जाळ्या. सून काही बोलली नाही. आणि एका दुपारी माझी नजर हॉलमधल्या माशांच्या टाकीवर गेली.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पंचावन्न लिटर पाणी मावेल एवढी. त्यात चार गोल्डफिश. नातवाच्या वाढदिवसाला आणलेले, वर्ष होत आलेलं. चौघांना नावं होती आणि ती चार भाषांतली होती. टाकीवर फिल्टर बसवलेला. त्याचं झाकण उघडून पाहते तर आतला स्पंज काळपट, बुळबुळीत. त्याच्याखाली चिनी मातीच्या छोट्या पोकळ नळ्या, त्यांवरही तपकिरी लेप. मी मनात म्हटलं, अगं बाई, या घाणीतून गाळलेलं पाणी पितात होय ही मुकी जनावरं!

नातू शाळेत. मी कामाला लागले. मासे बादलीत काढले. टाकी पूर्ण रिकामी करून घासली. खडे उकळत्या पाण्यातून काढले. स्पंज नळाखाली धरून पाणी पांढरं येईपर्यंत पिळला. त्या नळ्याही उकळून घेतल्या आणि सगळं गॅलरीत उन्हात वाळवलं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मासे मरतात एवढं नातवानं मला सांगून ठेवलं होतं, म्हणून रात्रभर पिंपात ठेवलेलं पाणी घेतलं आणि बाटलीतले थेंबही मोजून घातले. संध्याकाळी टाकी अशी चमकत होती की काच आहे की नाही ते कळू नये. नातू आला आणि ‘आज्जी, सुपर!’ म्हणाला. मला धन्य धन्य वाटलं.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले. आम्हाला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून खाणं जास्त घातलं. चौथ्या दिवशी सकाळी दोन उलटे तरंगत होते. पाचव्या दिवशी तिसरा. नातू टाकीसमोर उभा राहून आईला म्हणाला, ‘अम्मा, सत्तु होदवु.’ माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. रडला असता तर बरं झालं असतं. सून त्याला जवळ घेऊन मला म्हणाली, ‘होगली बिड्री अत्ती, जाऊ द्या.’ पण मला ते ‘जाऊ द्या’ फार लागलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, मग मेले का?

उरलेला एक मासा तरी वाचावा म्हणून मुलगा मला मासे विकणाऱ्या एका दुकानात घेऊन गेला. टाकीतलं थोडं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. दुकानदार अमळनेरकडचा निघाला. त्यानं काचेच्या नळीत आमचं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले आणि हलवून ठेवलं. म्हणाला, ‘हे पिवळं राहायला पाहिजे.’ पाचेक मिनिटांत पाणी गर्द हिरवं झालं. ‘अमोनिया आहे, मावशी. फिल्टर कसा धुतला?’ मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, ‘तुम्ही घाण नाही धुतली, मावशी. कामगार धुवून टाकले.’

त्या दिवसानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. मुलानं वाचायला आणून दिलं, दुकानदारानं सांगितलं, ते सगळं आता तुम्हाला सांगते, कारण हल्ली आपल्याकडेही घरोघर अशा टाक्या आल्या आहेत.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच शरीरातली घाण सोडतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी गढूळही होत नाही, पण माशाचे कल्ले त्यानं अक्षरशः भाजून निघतात. पाणी जितकं ऊन आणि जितकं अल्कधर्मी, तितकं हे विष जास्त जहाल. आता फिल्टरमध्ये दोन कामं चालतात. एक गाळण्याचं, जे आपल्याला दिसतं. दुसरं पचवण्याचं, जे दिसत नाही. त्या स्पंजवरचा आणि नळ्यांवरचा जो बुळबुळीत थर मी घाण समजले, ती सूक्ष्म जिवाणूंची वस्ती होती. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सोसतं. नायट्रेट साठत जातं, म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं.

हे ज्ञान काही आजचं नाही. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानं काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून, पाणी न बदलता त्यांचा एकमेकांना आधार कसा होतो ते दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानं हे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे काढून दाखवले ते १८९० च्या सुमारास. आणि गंमत पाहा, अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्यानं करणारे जिवाणूही असतात, हे कळायला २०१५ साल उजाडलं. नेदरलँडच्या संशोधकांना ते सापडले कुठं, तर मासे वाढवण्याच्या टाक्यांना जोडलेल्या एका फिल्टरमध्येच! म्हणजे शास्त्रज्ञांना एवढी वर्षं जे दिसलं नाही, ते मी एका दुपारी उकळून टाकलं.

बायकांना समजेल असं सांगायचं तर ते विरजण आहे. धारवाडकडे ‘हेप्पु’ म्हणतात तेच. दह्याचं भांडं आपण घासतो, पण त्याआधी चमचाभर दही बाजूला काढून ठेवतो. तेही धुवून टाकलं तर दूध कितीही चांगलं असो, दही लागायचं कसं? शिवाय दह्याचे जिवाणू रात्रीत कामाला लागतात, हे फिल्टरमधले मात्र फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

दुकानदाराला मी म्हटलं, ‘तीन मासे द्या, पोराचा चेहरा बघवत नाही.’ त्यानं दिले नाहीत. म्हणाला, ‘आज नेले तर पाच दिवसांनी पुन्हा याल. आणि पंचावन्न लिटरमध्ये चार गोल्डफिश मुळातच जास्त होते. हा मासा खूप घाण करतो.’ गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्यानं आपल्या जुन्या टाकीतला काळा स्पंज कात्रीनं कापून एक तुकडा टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत दिला. पैसे घेतले नाहीत. ‘विरजण समजा,’ असं मीच मनात म्हटलं.

घरी आल्यावर मी नातवाला सगळं सांगितलं. चूक माझी, कशी झाली तेही सांगितलं. मुलांना ‘देवाघरी गेले’ म्हणणं सोपं असतं. ‘मी मारले, मला माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, ‘मग हा चौथा?’ मी म्हटलं, ‘त्याला आपण दोघं मिळून वाचवू.’

त्यानंतरचे तीन आठवडे आमचा दिनक्रम ठरलेला. खाणं जवळजवळ बंद, एक दिवसाआड चिमूटभर. हवेचा पंप रात्रंदिवस चालू. रोज पाव टाकी पाणी काढायचं आणि तेवढंच शिळं, क्लोरीन गेलेलं पाणी घालायचं. पाण्यात लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं साधं खडे मीठ. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरतं ते कल्ल्यांतून, आणि मिठातलं क्लोराइड त्याची ती वाट अडवतं. दर दोन दिवसांनी नळीत थेंब टाकून रंग पाहायचा आणि नातवानं वहीत लिहायचा. आधी अमोनियाचा हिरवा रंग फिका होत गेला. मग नायट्राइट वाढलं, तेव्हा माझा जीव टांगणीला. मग तेही उतरलं. बाविसाव्या दिवशी दोन्ही नळ्या हव्या त्या रंगाच्या राहिल्या. नातवानं वहीत तारखेखाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलला.

आता ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांच्यासाठी नीट सांगते.

आधी फिल्टरचं बटण बंद करून प्लग काढायचा. ओल्या हातानं तारेला हात नको. पाणी बदलताना टाकीतलं जे पाणी काढतो ते बादलीत ठेवायचं आणि स्पंज त्याच बादलीत दोन-चार वेळा दाबून काढायचा. नळाखाली नाही, गरम पाण्यात नाही, साबण तर मुळीच नाही. स्पंज पांढरा व्हायला नको, त्यातून पाणी मोकळं वाहायला लागलं की पुरे. हे आठवड्या-दोन आठवड्यांनी. पांढरा कापसासारखा थर असेल तर तो निव्वळ गाळ धरतो, तो बदलला तरी चालतो. चिनी मातीच्या नळ्यांना मात्र दोन-तीन महिने हात लावू नये. लावलाच तर अर्ध्याच हलक्या हातानं खळबळायच्या, बाकीच्या अर्ध्या पुढच्या वेळी. स्पंज आणि नळ्या एकाच दिवशी कधी धुऊ नयेत. कोळसा घातला असेल तर महिन्याभरात त्याची शक्ती संपते, तो बदलावा. मोटारीतलं छोटं पंखं महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशनं साफ करावं. पाण्याची धार मंदावली की बहुधा दोष तिथंच असतो.

आणखी एक. आपल्याकडे लाईट जाते. फिल्टर बंद पडला की त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि काही तासांत ते मरू लागतात. झाकणबंद डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर लाईट आल्यावर तसाच चालू करू नये. आतलं सडकं पाणी एकदम टाकीत येतं. ते आधी ओतून द्यावं, आतला स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळावा आणि मग चालू करावा.

निघण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे पालमधलं महानगरपालिकेचं मत्स्यालय बघायला गेलो. २०१४ मध्ये ते सुरू झालं. त्याला नाव दिलंय जगदीशचंद्र बोस यांचं. वनस्पतींची जी हालचाल डोळ्यांना दिसत नाही ती यंत्रानं मोजून दाखवणारा हा माणूस. मी शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, १९५१ मध्ये उघडलेलं. तेव्हा फक्त मासे पाहिले. या वेळी मी काचेच्या मागं काय असेल याचाच विचार करत होते. अशा मोठ्या मत्स्यालयांत वाळूच्या मोठाल्या गाळण्या असतात. समुद्राच्या पाण्यासाठी एक उंच नळा असतो, त्यात खालून बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यातला मळ त्या बुडबुड्यांना चिकटून फेसासारखा वर येतो आणि काढून टाकता येतो. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, तसंच. सुरतेजवळच्या ओलपाड भागात कोळंबीची तळी आहेत, तिथल्या शेतकऱ्यालाही याच अमोनियाची काळजी. घरची टाकी असो की तळं, हिशेब एकच. पण लोक काचेसमोर उभे राहतात, मागच्या खोलीत कोण राबतो ते कोणी विचारत नाही. सुरतेच्या साडीवरची फुलं सगळे बघतात, मागावरची माणसं किती जण बघतात?

परतताना सुनेनं एक गंमत सांगितली. कन्नडमध्ये गाळण्याला ‘सोसु’ म्हणतात आणि मराठीत ‘सोसणं’ म्हणजे सहन करणं. मी म्हटलं, आणि आमच्या ‘गाळणी’तून तुमची ‘गाळि’, म्हणजे हवा, वाहिली नाही तर फिल्टर मरतो! दोघी हसलो. मग मी तिला म्हटलं, ‘तुझे मसाल्याचे डबे मी माझ्या पद्धतीनं लावले, तू काही बोलली नाहीस.’ ती म्हणाली, ‘सोसिदे, अत्ती.’ आता हे तिनं कोणत्या भाषेत म्हटलं, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर डबे तिच्या हातानं पुन्हा तिच्या जागी गेले.

आपण म्हणतो ‘अति तेथे माती’. कन्नडात म्हणतात, ‘अतियादरे अमृतवू विष’. दोन्ही म्हणी मला लहानपणापासून पाठ. कळल्या मात्र साठीनंतर, तीन माशांच्या मोलानं.

परवा नातवाचा फोन आला. त्या वाचलेल्या माशाला आता एक सोबती आणलाय, दुकानदारानं ‘दोनच, जास्त नाही’ असं बजावून दिला. रविवारी त्यानं एकट्यानं स्पंज दाबला, टाकीच्याच पाण्यात. ‘आणि ते काळं पाणी काय केलंस?’ मी विचारलं. ‘तू सांगितलं तसं, तुळशीला घातलं. नवीन पानं आलीत.’

इथं माझ्या तुळशीला मात्र अजून नळाचंच पाणी आहे.